स्नेल-२ केंद्रकात बसलेलं असतं, मग पेशी चालते कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सिन्नरहून फलित अंडी आणली. दहा सोमाइटच्या (सोमाइट म्हणजे पाठीलगतचे ऊतकाचे ठोकळे, त्यांच्या संख्येवरून भ्रूणाचं वय धरतात) कोंबडीच्या भ्रूणात, धडाच्या भागात, न्यूरल ट्यूबच्या म्हणजे चेतानळीच्या एका बाजूला स्नेल-२ हे प्रथिन जास्तीचं घातलं आणि २४ तासांनी एचएनके-१ हे प्रतिपिंड लावून पाहिलं. घातलेल्या बाजूने बाहेर पडलेल्या न्यूरल क्रेस्ट पेशी (नळीच्या पाठीकडच्या कडेतून सुटून शरीरभर पसरणाऱ्या) दुसऱ्या बाजूइतक्याच निघाल्या. पुस्तकात तर ‘स्नेलमुळे पेशी स्थलांतर करतात’ असं छापलंय. मग प्रयोग चुकला का? आणि केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन पेशीला हलवतं तरी कसं?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

जरा वेळेचा हिशोब मांडून बघा. जनुकाची आरएनए प्रत काढणारं यंत्र मिनिटाला साधारण दोन-तीन हजार अक्षरं पुढे सरकतं. प्रत पूर्ण झाली की तिची काटछाट, मग केंद्रकाबाहेर रवानगी, मग प्रथिन बांधणं, आणि ते पेशीच्या पटलापर्यंत पोचणं. घाईत धरलं तरी अर्धा-पाऊण तास सहज जातो. चालणारी पेशी मात्र पुढची कड मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर काढते आणि आत घेते. वळायचं कुठे, पाय कुठे रोवायचा, हे रॅक, ऱ्हो अशा पेशीत आधीपासून हजर असलेल्या प्रथिनांच्या हातात असतं. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं, म्हणजे स्नेलसारख्या जनुकं चालू-बंद करणाऱ्या नियामक प्रथिनाचं काम एसटीच्या डेपो मॅनेजरसारखं. कोणती गाडी, किती डिझेल, कोणती पाटी हे तो ठरवतो. कसारा घाटात स्टिअरिंग ड्रायव्हरच फिरवतो. म्हणून ‘स्नेल पेशीला हलवतं’ हे वाक्य सैल आहे. पेशीच्या अंगावर चिकटणारे रेणू कोणते, बाहेरचे संदेश झेलणारे ग्राही कोणते, वाटेतली, पेशींबाहेरच्या तंतूंची जाळी कापणारी एन्झाइमं किती, हे स्नेल ठरवतं. त्यातही बहुतेक वेळा ते जनुकं बंद करतं, चालू नाही.

‘स्थलांतर’ या एका शब्दात निदान चार वेगळी कामं दडलेली आहेत: शेजाऱ्यांपासून सुटणं, प्रत्यक्ष सरकणं, योग्य दिशा धरणं आणि योग्य जागी थांबणं. बऱ्याचदा प्रत्येक कामावर वेगळं नियामक प्रथिन बसलेलं असतं. ‘स्थलांतर बिघडलं’ एवढंच लिहिलेला निष्कर्ष म्हणजे ‘गाडी आली नाही’ म्हणण्यासारखं आहे. डेपोतूनच सुटली नाही, घाटात बंद पडली की चुकून धुळ्याला गेली, त्यातून काही कळत नाही.

आता सुटणं. कोंबडीत स्नेल-२ इथे काम करतं. डीएनएवर सी-ए-जी-जी-टी-जी अशी सहा अक्षरांची खूण असते, तिला ते चिकटतं आणि तिथलं जनुक दाबतं. सस्तन पेशींत ई-कॅडहेरिनचं (शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक स्नेल थेट दाबतं, हे २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. कोंबडीच्या डोक्याकडच्या न्यूरल क्रेस्टमध्ये त्याचं थेट लक्ष्य कॅडहेरिन-६बी आहे, हे २००७ साली दिसलं. कॅडहेरिन-६बी कमी केलं तर पेशी वेळेआधी सुटतात, जास्त केलं तर अडकतात. इथवर पुस्तकात असतंच.

पुस्तकात सहसा नसतं ते पुढचं. जनुक बंद झालं म्हणून पटलावरचं कॅडहेरिन लगेच नाहीसं होत नाही. गंगापूर धरणाचे दरवाजे बंद केल्यावर नाशिकात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी उतरायला वेळ लागतो, तसंच. आधी बनलेलं कॅडहेरिन कापून काढायला एडॅम गटातली एन्झाइमं लागतात. ती कमी असतील तर स्नेल-२ कितीही ओता, शेजारी एकमेकांना धरूनच राहतात. शिवाय सुटलेल्या पेशीला खालचा, लॅमिनिन या प्रथिनाचा पडदाही भेदावा लागतो. हे दोन अडथळे स्नेल-२ एकट्याने पार करेल असं धरून चालणं, ही तुमच्या आखणीतली पहिली गफलत.

दुसरी गोष्ट जागेची, आणि माझ्या मते तुमच्या निकालाचं मुख्य कारण तीच. कोंबडीत स्नेल कुळातली प्रथिनं जास्तीची घातली तर डोक्याच्या भागात क्रेस्ट पेशी वाढतात, धडात वाढत नाहीत, हे २००२ साली प्रसिद्ध झालेलं आहे. तुम्ही धडातच घातलंत, आणि त्या कामाशी जुळणारंच उत्तर मिळवलंत. प्रयोग चुकलाय असं यावरून म्हणता येणार नाही. अपेक्षा चुकीच्या जागी बांधली होती.

डोकं आणि धड यांत एवढा फरक का? डोक्याकडच्या क्रेस्टमध्ये ईटीएस-१ हे आणखी एक नियामक प्रथिन असतं आणि तिथल्या पेशी झुंडीने, पेशीचक्राची कोणतीही अवस्था असो, बाहेर पडतात. धडात तसं नाही. तिथे पेशी एकेक करून, बहुतांशी डीएनए-दुपटीच्या अवस्थेत असताना सुटतात, आणि बीएमपी-४ हा संदेशरेणू व त्याला अडवणारं नॉगिन यांचं प्रमाण बदललं की मगच. धडाच्या न्यूरल ट्यूबमध्ये ईटीएस-१ घातलं तर पेशी घोळक्याने बाहेर पडायला लागतात. सॉक्स-९ हे नियामक प्रथिन आणि स्नेल-२ जोडीने घातले तर जिथून क्रेस्ट कधीच निघत नाही अशा जागेवरूनही पेशी सुटताना दिसतात. एकटं स्नेल-२ म्हणजे कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक.

प्राण्यानुसारही चित्र बदलतं, म्हणून अहवालाच्या चर्चेत ‘पृष्ठवंशीयांमध्ये’ असं सरसकट लिहू नका. कोंबडीत १९९४ साली स्नेल-२ दाबल्यावर क्रेस्टचं सुटणं बिघडलेलं दिसलं. उंदरात मात्र स्नेल-१ आणि स्नेल-२ दोन्ही काढले तरी क्रेस्ट बनते आणि निघते. तिथे झेब-२ जास्त महत्त्वाचं ठरतं.

मग ‘कॅडहेरिन कमी म्हणजे पेशी चालू लागते’ असं सूत्र तरी पाठ करावं का? अजिबात नको, आणि त्यासाठी फळमाशी बघा. तिच्या अंडाशयात सहा ते आठ बॉर्डर पेशींचा पुंजका, मधल्या दोन ध्रुवीय पेशींसकट, पंधरा पोषक पेशींच्या फटीतून वाट काढत अंडपेशीपर्यंत जातो. यामागचं नियामक प्रथिन स्लबो, १९९२ साली सापडलेलं. ते नसेल तर पुंजका टोकालाच बसून राहतो. आणि हे स्लबो बॉर्डर पेशींत ई-कॅडहेरिन वाढवतं! कारण इथे पेशींना जाळीवरून नाही, दुसऱ्या पेशींच्या अंगावरून सरकायचंय. धरायला मूठ लागते. कॅडहेरिन काढलं तर त्या जागच्या हलत नाहीत. तेच चिकटणारं प्रथिन, एका ठिकाणी बेडी आणि दुसऱ्या ठिकाणी पकड. स्लबो प्रमाणाबाहेर वाढवलं तरी चाल अडते, म्हणजे ‘जास्त घातलं की जास्त परिणाम’ हा हिशोबही इथे लागू पडत नाही. तुमच्या स्नेल-२ लाही तो डोळे झाकून लावू नका.

दिशेचं सर्वांत स्वच्छ उदाहरण सी. एलिगन्स या सूत्रकृमीत आहे. त्याच्या दोन बाजूंना दोन क्यू पेशी असतात, बहिणी-बहिणी म्हणाव्यात अशा. डाव्या बाजूच्या क्यू पेशीत मॅब-५ हे हॉक्स गटातलं (शरीराचा पुढचा-मागचा भाग ठरवणारं) जनुक चालू होतं आणि तिची लेकरं शेपटीकडे जातात. उजवीत ते बंद असतं, तिची लेकरं डोक्याकडे. डावीतलं मॅब-५ बिघडवलं की तिचीही लेकरं पुढे निघतात. उजवीत जबरदस्तीने चालू केलं की मागे फिरतात. दोन्हीकडे चालण्याची ताकद शाबूत आहे, फक्त पाटी बदलली. तुम्ही केवळ ‘किती पेशी बाहेर आहेत’ एवढंच मोजलं असतं, तर या प्राण्यात काहीच बिघडलेलं नाही असा निष्कर्ष निघाला असता.

हातापायाच्या स्नायूंच्या पूर्वज पेशींत सुटणं आणि दिशा ही दोन्ही कामं शेजारी-शेजारी दिसतात. पॅक्स-३ मुळे मेट हा ग्राही बनतो. हातापायाच्या कोंबातून येणारा एचजीएफ हा संदेशरेणू तो झेलतो आणि पेशी सोमाइटमधून सुटते. मेट नसेल तर सुटणंच नाही. एलबीएक्स-१ हे दुसरं नियामक प्रथिन नसेल तर पेशी सुटतात, पण कोंबाकडे जाण्याची वाट चुकतात. शेवटी दोन्हीकडे स्नायू नाहीत किंवा अपुरे; कारणं मात्र दोन टोकांची.

आणि एक चकवा, ज्यात भलेभले फसतात. सॉक्स-१० हे नियामक प्रथिन बिघडलं की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोचत नाहीत. माणसात हिर्शस्प्रंग विकार दिसतो त्याचं हे एक कारण. पाहताक्षणी वाटतं की पेशींना चालता आलं नाही. उंदरातल्या सॉक्स-१० च्या उत्परिवर्तनात मात्र त्या पेशी वाटेला लागण्याआधी किंवा लागताच मरतात. आतड्यात आघाडी पुढे सरकते तीच मागून संख्या वाढत राहते म्हणून. संख्या घटली की आघाडी थांबली. तेव्हा पेशी कमी दिसल्या तर आधी कॅस्पेस-३ (मरणाऱ्या पेशींची खूण) लावून मेलेल्या मोजा, मग स्थलांतराबद्दल बोला.

हे सगळं धरून तुमच्या प्रयोगाकडे येतो. तुम्ही लिहिलेल्या तपशिलात चार-पाच जागा खटकतात.

अंडी. सिन्नर ते नाशिक अंतर फार नाही, पण उन्हाळ्यात ट्रे गाडीत तापतो. फलित अंड्यातला भ्रूण साधारण २१ अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो, तोही नीट नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीत एक दिवस ठेवलेली अंडी उबवणीयंत्रात जाण्याआधीच मागे-पुढे झालेली असतात. मग ३६ तासांनी उघडल्यावर एकात सात सोमाइट, दुसऱ्यात तेरा. १३ ते १६ अंशांत ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. घरच्या फ्रिजमधले चार अंश नकोत, त्यात भ्रूण दगावतो. आणल्यावर बोथट टोक वर करून काही तास शांत ठेवा. हायवेवरच्या गतिरोधकांचे दणके बलकाच्या दोऱ्यांना बसलेले असतात. उबवताना मात्र आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, म्हणजे कवचात कापायच्या खिडकीखाली भ्रूण येतो. ३८ अंश, ओलाव्यासाठी पाण्याचा ट्रे, आणि वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. वय तासांवर धरू नका, प्रत्येक भ्रूणाचे सोमाइट मोजूनच नोंद करा.

खिडकी कापण्याआधी बोथट टोकातून सुईने तीन ते पाच मिली पांढरं काढून घ्या, नाहीतर कात्री भ्रूणावरच चालते. सुईचं टोक खाली वळलेलं असू द्या. पिवळं बलक सिरिंजमध्ये आलं तर ते अंडं बाजूला ठेवा.

विजेचे झटके, म्हणजे नळीत भरलेला डीएनए पेशींत शिरवण्यासाठी द्यायचे. दहा सोमाइटच्या न्यूरल ट्यूबसाठी चार मिलिमीटर अंतरावरचे इलेक्ट्रोड, २० ते २५ व्होल्ट, ५० मिलिसेकंदांचे पाच झटके ही नेहमीची सुरुवात. तुम्ही ३५ व्होल्ट लिहिलेत. त्याने ऊतक पांढरट पडतं, हृदयाजवळ असाल तर ते थांबतं, आणि जगलेल्या भ्रूणातही घातलेल्या बाजूच्या पेशी मेल्यामुळे संख्या घटते. म्हणजे स्नेल-२ मुळे थोडी वाढ झाली असेलच, तर ती या घटीत बुडून जाईल आणि दोन्ही बाजू ‘सारख्या’ दिसतील. इलेक्ट्रोड रक्तवाहिनीला टेकू देऊ नका. भ्रूणावर रिंगरच्या क्षारद्रावणाचे थेंब हवेत, कोरड्यावर झटका दिला की चटका बसतो. डीएनए ऋणभारित असल्याने धन इलेक्ट्रोडकडच्या बाजूत जातं. कुणी वायरी अदलाबदल केल्या तर प्रयोगाची बाजू आणि तुलनेची बाजू उलटी होते, म्हणून वहीतली नोंद आणि (सोबत बनणाऱ्या हिरव्या प्रथिनाने) प्रत्यक्ष चमकणारी बाजू दोन्ही ताडून पाहा.

डीएनएचं प्रमाण. तीन मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर हा एकच आकडा घेऊन थांबू नका. अर्धा, एक आणि दोन असे तीन गट करा, आणि प्रत्येकाच्या जोडीला तेवढ्याच प्रमाणात रिकामा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, पण स्नेल-२ शिवाय). नुसत्या जास्त डीएनएनेही पेशी मरतात. रंगासाठी फास्ट ग्रीन थोडंच. नळीत डीएनए भरलेला दिसला की पुरे.

प्रथिन खरंच आहे का? स्नेल प्रथिनं अल्पायुषी असतात. सस्तन पेशींत स्नेल-१ चं अर्धायुष्य साधारण २५ मिनिटं मोजलेलं आहे. पेशीतली सफाई यंत्रणा ते भराभर मोडते. आरएनए भरपूर आणि हिरवा प्रकाश झगमगतोय, एवढ्यावर प्रथिन वाढलं असं म्हणता येत नाही. हिरवं प्रथिन टिकाऊ असतं, स्नेल नाही. प्लास्मिडमध्ये स्नेल-२ ला मिक किंवा फ्लॅग ही ओळखीची शेपटी जोडून केंद्रकात ती दिसते का हे आधी तपासा. यात ‘नाही’ आलं तर पुढचं सगळं मोजणं फुकट.

वेळ. झटक्यानंतर प्रथिन दिसायला तीन-चार तास लागतात. धडात दहा सोमाइटला घातलंत ते ठीक. पण आता डोक्यात करून बघायचं ठरवलंत तर दहा सोमाइटला मध्यमेंदूकडच्या बऱ्याच पेशी निघून गेलेल्या असतात. सुटलेल्या गाडीला पाटी लावून उपयोग नाही. डोक्यासाठी तीन ते पाच सोमाइट किंवा त्याही आधी घालायला हवं. तेवढ्या लहान भ्रूणासाठी अंड्याबाहेर, फिल्टर पेपरच्या कडीवरचं संवर्धन सोपं पडतं: ०.७२ ग्रॅम अगार १२० मिली साध्या सलाइनमध्ये उकळून ४९ अंशांवर आणायचं, तेवढ्याच कोमट पातळ पांढऱ्यात मिसळायचं आणि ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये अडीच मिली ओतायचं. अगार जास्त गरम असेल तर पांढरं शिजून गुठळ्या होतात. झटकेही इथे पाच-सात व्होल्टचेच. २५ दिलेत तर भ्रूण गेलाच.

एचएनके-१. हे प्रतिपिंड उंदराचं, आयजीएम प्रकारचं आहे. त्याला चिकटून खूण दाखवणारं दुय्यम प्रतिपिंड फक्त आयजीजी हा प्रकार ओळखणारं असेल तर खूण फिकी किंवा गायब, आणि ‘पेशीच निघाल्या नाहीत’ असा खोटा निकाल. तुमच्या यादीत आयजीजी लिहिलंय, ते आधी बदला. एचएनके-१ मुख्यतः सुटलेल्या, वाटेला लागलेल्या पेशी दाखवतं. नळीच्या आत सुटण्याच्या तयारीत असलेल्या पेशींसाठी स्नेल-२ स्वतः, आणि पडदा फाटलाय का हे बघण्यासाठी लॅमिनिन लावा.

मोजताना पंखाच्या कोंबाच्या पातळीवरचेच काप घ्या, दोन्ही बाजू त्याच कापात. धडात क्रेस्ट पेशी सोमाइटच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागातून जातात. मागच्या अर्ध्यात त्यांना परतवणारे एफ्रिन-बी आणि सेमाफोरिन-३एफ असतात. एक काप पुढच्या अर्ध्यातून आणि दुसरा मागच्यातून पडला तर फरक स्नेलचा नसून कापाच्या जागेचा असतो. आणि संख्याशास्त्रात नग म्हणजे भ्रूण. तुम्ही दोन भ्रूणांचे तीस काप घेऊन ‘तीस नमुने’ लिहिलेत, ते दोनच आहेत. गटाला निदान सहा भ्रूण धरा.

सोमाइटच्या याच मुद्द्यावरून आणखी एक. नियामक प्रथिन प्रवाशात काम करतंय की रस्त्यात, हे आधी सांगता आलं पाहिजे. सोमाइटचा पुढचा-मागचा अर्धा ठरवणारी मेस्प-२ आणि अन्क्स-४.१ हीसुद्धा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच आहेत. ती बिघडली तर क्रेस्ट पेशी निरोगी असूनही भरकटतील. तुमच्या पद्धतीत डीएनए नळीतच जातो, म्हणून ही शंका कमी; पण काप बघताना चमक सोमाइटमध्येही सांडलेली असेल तर तो भ्रूण मोजणीतून वगळा.

सत्र संपायला सहा आठवडे आहेत म्हणालात. त्यात नवीन जनुकाच्या मागे लागण्यापेक्षा, धडातच चार गट करा: रिकामा प्लास्मिड, एकटं स्नेल-२, एकटं सॉक्स-९, दोन्ही मिळून. चारही गटांत एकूण डीएनए सारखं ठेवा; एकटे गट रिकाम्या प्लास्मिडने भरून काढा. झटके २२ व्होल्टवर, १२ तासांनी निम्मे आणि २४ तासांनी निम्मे भ्रूण काढा. बारा तासांच्या कापांवर लॅमिनिन आणि कॅस्पेस-३, चोवीसच्या कापांवर एचएनके-१. एकट्या स्नेल-२ मध्ये पडदा शाबूत आणि जोडीच्या गटात फाटलेला दिसला, तर तुमचा ‘फसलेला’ प्रयोगच अहवालातला पहिला आलेख होईल. सुरुवातीची पाच-सहा अंडी मात्र फक्त शेपटी लावलेल्या स्नेल-२ साठी राखा. केंद्रकात ते दिसल्याशिवाय पुढचा ट्रे उबवायला घालू नका.